दोनदा आलेला तास

माझ्या नणंदेचं नाव इत्तो. मोरोक्कोच्या डोंगरातल्या आमच्या मिदेल्तात हे नाव आता आज्यांपुरतंच उरलं आहे. मेकनेसला कॉलेजात असताना वर्गातल्या मुली तिला म्हणायच्या, हजेरीत तुझं नाव आलं की वाटतं, आता दारातून कुणीतरी काठी टेकत आत येणार. इत्तोला त्याचं काही वाटलं नाही. तिला कशाचंच काही वाटत नाही असा लोकांचा समज आहे, कारण ती बोलते कमी आणि जेवताना समोरच्या भिंतीकडे बघत बसते. मी एकोणीस वर्षं तिच्यासोबत एका घरात राहते आहे. भिंतीकडे बघताना तिच्या डोक्यात काहीतरी मांडणं, मोडणं, परत मांडणं चाललेलं असतं, एवढं मला आता कळतं. त्या वेळी तिच्या ताटात मी भाजी वाढली काय आणि नाही काय, सारखंच.

लग्न तिने केलं नाही. एक स्थळ घरापर्यंत आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, स्वयंपाक येतो का? ही म्हणाली, वहिनीला येतो. चहा पिऊन ती माणसं गेली ती गेलीच.

आमच्याकडच्या सफरचंदवाल्यांची सहकारी संस्था आहे. तिची पाच शीतगृहं आहेत, तीन गावात आणि दोन बाहेर, आणि त्या पाचांचं संगणकाचं जे काही काम असेल ते इत्तोकडे. पूर्वी प्रत्येक शीतगृहात एक जाड वही असायची. दार नीट लागत नाही, पंखा खडखडतो, चार नंबरची खोली गार होत नाही, असं पहारेकऱ्याने लिहायचं आणि दुरुस्तीवाल्याने आल्यावर पुढे सही करायची. वहीवर चहा सांडायचा, पानं सुटायची, आणि भांडण झालं की नेमकं हवं ते पान सापडायचं नाही.

इत्तोने याच्यावर एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शोधून आणलं. मुळात ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे, त्यांच्या चुकांची यादी ठेवायला. तक्रार आली की तिला नंबर मिळतो, ती कुणाच्या तरी नावावर चढते, आणि सुटली असं कुणीतरी लिहीपर्यंत यादीतून हलत नाही. इत्तो म्हणाली, पंखा बिघडला काय आणि प्रोग्राम बिघडला काय, यादीला फरक पडत नाही.

पहिली तोडणी येईपर्यंत ठीक चाललं. मग सप्टेंबरात पाचही शीतगृहांतून एकदम नोंदी यायला लागल्या आणि यंत्र थिजलं. त्या सॉफ्टवेअरची सगळी माहिती एकाच फायलीत साठायची. एकजण लिहीत असला की बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. माणसं पडद्यापुढे बसून हात चोळायची आणि इत्तोला फोन करायची की लल्ला, म्हणजे बाईसाहेब, तुमच्या यंत्राला डुलकी लागली, उठवा त्याला.

तेव्हा तिने ठरवलं की याच्या पाठीमागे खरा डेटाबेस बसवायचा. म्हणजे काय, हे मी तिला एका शुक्रवारी कुसकुस वळताना विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, धाकट्याच्या लग्नात तू तीन याद्या केल्या होत्यास. कोण येणार, कोण कुठे झोपणार, कोणी काय आणलं."

"केल्या होत्या. आणि तिन्ही चुकल्या."

"कारण तूदा मावशीचं नाव तिन्ही याद्यांत होतं. ती येत नाही म्हटल्यावर तू एका यादीतून खोडलंस, दोन याद्यांत ती राहिली. रात्री तिच्यासाठी गादी घातली होती. नाव एकाच ठिकाणी लिहायचं, त्याला नंबर द्यायचा, बाकी सगळीकडे फक्त नंबर. मग नाव खोडलं की गादीही आपोआप उचलली जाते."

मी म्हटलं, एवढंच असेल तर हे मला लग्नाआधी सांगायचं होतंस.

त्या हिवाळ्यात दोन आठवडे ती हेच करत होती. बाहेर बर्फ, आत लाकडाची शेगडी, आणि हिच्या मांडीवर संगणक. माणसांचा एक तक्ता, शीतगृहांचा एक, खोल्यांचा एक, तक्रारींचा एक, आणि तक्रारीवर कोण कधी पोचलं याचा एक. जुन्या फायलीतलं सगळं आणि वह्यांतलं शक्य तेवढं तिने त्यात आणलं. प्रत्येक रकान्यात काय बसेल, काय बसणार नाही, हे तिलाच ठरवायचं होतं. पोचल्याची वेळ रिकामी ठेवून तक्रार बंद करता येणार नाही, असा नियमही तिने तेव्हाच घातला. लोक वहीत तसं करायचे.

वह्यांत वेळेच्या शेजारी आणखी एक अरुंद रकाना होता: जुनी की नवी. आमच्याकडे हे विचारावंच लागतं. सरकारने घड्याळ कायमचं एक तास पुढे नेलं, ती नवी वेळ. शेतावर, बाजारात, म्हाताऱ्यांच्या घरी अजून जुनी चालते. कुणी म्हटलं चारला ये, की आपण पहिल्यांदा विचारतो, जुन्या चारला की नव्या? रमजानात सरकार स्वतःच महिनाभर जुन्या वेळेवर येतं आणि ईद झाली की परत जातं. पण नोकरीच्या ठिकाणी नवीच वेळ चालणार, मग हा रकाना कशाला, असा इत्तोने विचार केला आणि तो काढून टाकला.

तक्रार केली ती एकट्या दादा हद्दूने. हद्दू हा पाचही शीतगृहांचा दुरुस्तीवाला. सत्तावीस वर्षं नोकरी, गुडघे गेलेले, दातही बहुतेक गेलेले, आणि सगळं गाव त्याला दादा म्हणतं. त्याला फोनवर बटण दाबायला इत्तोने आमच्याच बैठकीत बसवून शिकवलं: एकच बटण, "पोचलो". पोचल्यावर दाबायचं, वेळ यंत्रच लिहील.

"कुणाची वेळ लिहील?" हद्दूने विचारलं. "बायको एक सांगते, सरकार दुसरी सांगतं, आणि मशिदीतला म्हातारा तिसरीच धरून बांग देतो."

"सरकारची, दादा."

"म्हणजे जिला आधीच कुणी विचारत नाही तिची."

सगळे हसले. इत्तोही हसली. मग ती त्याला म्हणाली, आता वहीचं पान हरवणार नाही, उशीर केला नसताना कुणी तुझ्यावर उशीर ढकलू शकणार नाही. हे ती खरं समजूनच म्हणाली. मी चहा घेऊन दारात उभी होते.

एक गोष्ट तिने मला पुष्कळ नंतर सांगितली. बसवताना त्या डेटाबेसने तिला विचारलं होतं की वेळ नुसती लिहू, की कुठल्या घड्याळाची हेही सोबत लिहू? आधी तिने सोबत लिही असंच सांगितलं होतं. पण शीतगृहांतले संगणक जुने. सरकारने वेळ बदलल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांच्या पडद्यावर सगळ्या नोंदी तासभर मागे दिसायला लागल्या. पहारेकऱ्यांनी थट्टा सुरू केली की लल्ला, तुमचं यंत्रही डोंगरातलं दिसतं, जुन्या वेळेवर चालतं. पाच ठिकाणचे संगणक दुरुस्त करत हिंडण्याऐवजी तिने पाच मिनिटांत तो रकाना बदलला. भिंतीवरच्या घड्याळात जे दिसेल तेच आकडे, पुढेमागे काही नाही. सगळ्यांना हवं ते दिसायला लागलं आणि थट्टा थांबली.

दोन वर्षं कुणाची काही तक्रार आली नाही. म्हणजे तक्रारी पुष्कळ आल्या, पण यंत्रात.

गेल्या वर्षी ईदनंतर मुलूया नदीकाठच्या शीतगृहातली तीन नंबरची खोली उघडली. पेट्या वरून छान होत्या. शेतकऱ्याने एक सफरचंद कापलं तर आत तपकिरी. दुसरं कापलं, तेही तसंच. पंख्याजवळच्या चार रांगा कधीतरी गोठून परत सुटल्या होत्या. यंत्रातली यादी काढली तेव्हा कळलं की रमजानच्या आधीच्या रविवारी पहाटे झडप अडकून खोलीत नको इतका गारठा शिरला होता. पहारेकरी बासूने तक्रार नोंदवून हद्दूला फोन केला, हद्दूने जाऊन झडप सोडवली. तक्रार नंबर २२१७.

दुरुस्तीवाल्याने पंचेचाळीस मिनिटांत पोचायचं, असा संस्थेचा नियम आहे. दोनदा चुकला की नोकरी संपली. हद्दूची एक चूक आधीच लागलेली होती, घाटात दरड आली होती त्या दिवसाची. पेन्शनला चौदा महिने उरले होते.

इत्तो त्या दिवशी दुपारीच घरी आली. जेवायला बसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. मग तिने मला विचारलं, "वहिनी, रमजानच्या आधीच्या रविवारी पहाटे दोन वाजून वीस मिनिटं किती वेळा झाली?"

मी म्हटलं, एकदाच, किती वेळा होणार. आणि म्हणता म्हणता आठवलं. त्या पहाटे तीन वाजले की घड्याळ परत दोनवर आणायचं असतं. मी स्वतः झोपण्याआधी स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे केलं होतं.

"दोनदा," मी म्हटलं.

"हो. आणि मी लिहिलंय एकदाच."

तिने ताटाच्या कडेला चार खजुराच्या बिया मांडून मला दाखवलं. बासूची तक्रार एक वाजून बावन्न मिनिटांची. ती वेळ एकदाच आली, तिच्याबद्दल वाद नाही. हद्दू पोचल्याची नोंद दोन वीसची. पहिल्या फेरीतले दोन वीस असतील तर तो अठ्ठावीस मिनिटांत पोचला. दुसऱ्या फेरीतले असतील तर अठ्ठ्याऐंशी. मधल्या तासाचा काही मागमूस नाही. जो अरुंद रकाना तिने जुनाट म्हणून काढला होता, त्यात एक अक्षर असतं तर पुरलं असतं.

हे तिला कळलं कसं? वरच्या संघाच्या मेकनेसच्या कचेरीत सगळ्या संस्थांच्या नोंदी जातात आणि तिथला प्रोग्राम मिनिटं मोजून कागद काढतो. त्या कागदावर हद्दूच्या नावापुढे लाल रंगात ८८ आलं होतं. तिथल्या प्रोग्रामला दोनांतलं एक निवडायचं होतं, त्याने दुसरं निवडलं. मी विचारलं, का? इत्तो म्हणाली, तो नेहमीच दुसरं निवडतो, त्याला तसं शिकवलंय.

पुढचे आठ दिवस तिने काय काय केलं ते मी पाहिलं. यंत्राची स्वतःची एक रोजनिशी असते. ती पंधरा दिवसांवरची पानं आपोआप पुसायची, जागा वाचावी म्हणून तिनेच तसं सांगून ठेवलेलं. डेटाबेसच्या रोज काढलेल्या प्रती होत्या, पण दहाच, अकरावी आली की पहिली जायची. हेही तिनेच ठरवलेलं. तक्रार बंद केल्याची वेळ तर कुठे लिहिलीच जात नव्हती. त्या पहाटे पाचही शीतगृहांत दुसरी एक जरी नोंद झाली असती तरी क्रमांकांवरून काही जुळवता आलं असतं. झाली नव्हती. सगळं गाव घड्याळ मागे करून तासभर जास्त झोपलं होतं. फोन कंपनीच्या खिडकीवर तिने त्या पहाटेची नोंद मागितली, तर तिला सांगितलं, कोर्टाचा कागद आणा. संस्थेच्या संचालकांना, सी अन्वारना (सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत), तिने विचारलं की संस्थेतर्फे कोर्टात जाऊया का. ते म्हणाले, एका झडपेसाठी?

बासूकडे ती दोनदा गेली. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "लल्ला, मी फाटक उघडलं, दादा आत गेला. फोनमध्ये दोन-काहीतरी वाजले होते. तुमच्या यंत्रात दोन-काहीतरीच आहे ना? मग माझं कुठे चुकलं?"

त्याचं कुठेच चुकलं नव्हतं.

हद्दूच्या घरी ती एकटी जायला धजेना, म्हणून मी गेले सोबत. मेथीची भाकरी आणि लोणी घेऊन. हद्दूची बायको फाद्मा दारातच म्हणाली, या, यंत्रवाल्या बाई, तुमचं यंत्र आमच्या म्हाताऱ्याला घरी बसवतंय म्हणे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती बाजूला झाली आणि चहा टाकायला गेली. चहा मात्र तिने साखर घालून, उंचावरून ओतून, नीट दिला.

भिंतीवर घड्याळ होतं. जुन्या वेळेवर, बारा महिने. ते पाहिलं आणि इत्तो एकदम पुढे सरकली. मला कळायला क्षणभर लागला. हद्दूच्या घड्याळात त्या पहाटे काहीच मागेपुढे झालं नव्हतं. त्यात तो तास एकदाच आला होता. बासूचा फोन नव्या वेळेने दोनच्या थोडा आधी आला, म्हणजे या घड्याळात एकला काही मिनिटं कमी. हद्दू निघताना त्याने वर पाहिलं असेल तर सगळं सुटत होतं.

"दादा," ती म्हणाली, "निघताना घड्याळात काय वाजलं होतं? एक, की दोन?"

हद्दूने घड्याळाकडे बघितलं, जसं काही घड्याळालाच आठवत असेल.

"मी फोन आला तसा निघालो, पोरी."

"ते खरं. पण घड्याळ पाहिलंस का?"

"पाहिलं असेल. एक वाजायचा होता." मग तो थांबला. "की दोन. फाद्मा, तू उठली होतीस ना?"

फाद्मा म्हणाली, मी उठून त्याच्या पायमोज्यांत वर्तमानपत्र कोंबलं, बर्फ होता म्हणून. घड्याळ कशाला बघते. मी त्याच्या पायांकडे बघत होते.

हद्दू गुडघा चोळत राहिला. "पहिल्या दिवशी मला पक्कं माहीत होतं," तो म्हणाला. "मग अन्वारने विचारलं, संघाच्या माणसाने विचारलं, त्या नदीकाठच्या शेतकऱ्याने शिव्या देऊन विचारलं. प्रत्येकाला तेच तेच सांगताना आता मला माझंच ऐकू येतं, दिसत काही नाही. रस्त्यात एका वळणावर गाडी घसरली होती. ढकलली. किती वेळ ढकलली, कुणाला माहीत. तूच सांग, तू म्हणाली होतीस यंत्र विसरत नाही."

आम्ही निघालो तेव्हा फाद्माने आमचंच लोण्याचं भांडं, अर्धं काढून घेऊन, वर अक्रोड भरून परत दिलं. रिकामं भांडं कुणी परत देत नाही.

वाटेत मी इत्तोला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, तेच तर. मला वाटतं अठ्ठावीस. पण बर्फात, असल्या गुडघ्यांनी, वाटेत गाडी ढकलून, चौदा किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत? आणि माझ्या वाटण्याला कुठे रकाना आहे?

संस्थेच्या मंडळाच्या सभेला तिला बोलावलं. घरी येऊन तिने मला जे सांगितलं तेच इथे लिहिते. सी अन्वार नीट माणूस आहेत, दारबैदाहून, म्हणजे कासाब्लांकाहून आलेले, कुणाला एकेरी हाक मारत नाहीत. पण बाहेर चाळीस शेतकरी उभे होते आणि त्यांना कुणाचं तरी नाव हवं होतं.

"लल्ला इत्तो, एकच सांगा. अठ्ठावीस की अठ्ठ्याऐंशी?"

"सांगता येत नाही."

"डेटाबेस तुम्हीच बसवला ना?"

"म्हणून तर सांगते आहे. त्याला माहीत नाही."

"मग मेकनेसच्याला कसं माहीत?"

"त्यालाही नाही. त्याला माहीत नाही असं म्हणता येत नाही, एवढंच."

मंडळावरचा एक म्हातारा बागाईतदार म्हणाला, यंत्र दोनदा तास मोजो नाहीतर दहादा, आमची पेटी एकदाच गोठली. इत्तोने मग सांगितलं की चूक माझी आहे, मी तो रकाना काढला, हवं तर माझं नाव लिहा. सी अन्वार कागद सरळ करत म्हणाले, तुमच्यासाठी नियम नाही हो. पंचेचाळीस मिनिटांचा नियम आहे, रकान्याचा नाही. आणि तुम्ही गेलात तर ते यंत्र चालवणार कोण?

हद्दूला पत्र मिळालं. महिनाअखेरीपासून येऊ नये. शेवटच्या आठवड्यातही तो दोनदा रात्री निघाला आणि पोचल्यावर बटण दाबलं, एकदा एकोणीस मिनिटं, एकदा बावीस. इत्तो त्या आकड्यांकडे बघत राहायची.

त्याच्यानंतर तिने डेटाबेस दुरुस्त करायला घेतला. आता प्रत्येक वेळेबरोबर कुठल्या घड्याळाची हेही लिहिलं जावं, असा रकाना बदलायचा. आधी तिने पाचही शीतगृहांत जाऊन जुने संगणक नीट केले, जे तिने पहिल्यांदाच करायला हवं होतं. मग एका शनिवारी सकाळी ती बैठकीत बसली. जुन्या ओळी तीन हजारांच्या वर. प्रत्येकीला सांगायचं की तू नव्या घड्याळाची, तू रमजानातली म्हणून जुन्याची. हे सरसकट सांगता येत होतं, तारखेवरून. मी भाजी निवडत तिच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, अर्ध्या तासात होईल.

एका ओळीवर ती अडकली. यंत्र विचारत होतं की दोन वीस, कुठले? रिकामं चालणार नव्हतं. तिनेच घातलेला नियम.

"तुझ्या हातात आहे," मी म्हटलं. "घाल पहिले. अठ्ठावीस होतील."

"मग उद्या कुणी म्हणेल, आधी का नाही सांगितलंस? आणि मी खोटं लिहिलं तर त्या बाकीच्या तीन हजारांवर कोण विश्वास ठेवेल?"

"मग दुसरे घाल."

तिने माझ्याकडे बघितलं. मी परत भाजीकडे वळले. मीही ते मनापासून म्हणाले नव्हते.

दुपारची बांग झाली तरी ती तशीच बसून होती. मग तिने त्या एका रकान्यावरचा नियम काढला, रिकामं चालेल असं केलं, आणि २२१७ ची पोचल्याची वेळ कोरी सोडली. पण पोचल्याची वेळ नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कुणी पोचलंच नाही, आणि कुणी पोचलं नाही तर तक्रार सुटली नाही. ती आपोआप उघड्या तक्रारींच्या यादीत परत आली, सगळ्यात वर, कारण सगळ्यात जुनी. हद्दूचं नाव माणसांच्या तक्त्यातून गेलेलं होतं. तक्रार कुणाच्या तरी नावावर असावीच लागते. इत्तोने तिथे स्वतःचा नंबर घातला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मेकनेसहून कागद येतो: तक्रार क्रमांक २२१७, खोली तीन, झडप, अजून उघडी, जबाबदार इत्तो. ती उत्तरात "चौकशी चालू" असं लिहून पाठवते. झडप केव्हाचीच नवी बसवली आहे. खोलीत यंदाची सफरचंदं आहेत.

मागच्या शनिवारी त्या कचेरीतल्या बाईने घरीच फोन केला. गोड बोलत होती. इतकी जुनी तक्रार यादीत बरी दिसत नाही, काहीतरी वेळ घालून बंद करून टाका ना, तुमचं किती सेकंदांचं काम आहे, असं म्हणत होती. इत्तो "बघते" म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि फोन ठेवला. मी चुलीपाशी होते. तिने मला विचारलं की दादा हद्दूकडे आपण पाठवलेली हिवाळ्याची लाकडं पोचली का. मी म्हटलं, काल पोचली, फाद्माने अर्धी परत पाठवली.